जायफळाचं निमित्त

पाथर्डी फाटा, नाशिक
१५ जानेवारी २०२५

तेजस्विनी,

वर चि. सौ. आणि उत्तम आशीर्वाद वगैरे लिहिणार होतो. मग म्हटलं, आधी कामाचं बोलू. सासऱ्याचे आशीर्वाद सध्या तुला चालतात की नाही कोण जाणे.

तुझा फोन बंद. सुनीलरावांना केला तर ते बिचारे म्हणतात, बहिरूभाऊ, पोरगी बोलायचं नाही म्हणते, आणि वर मलाच सटाण्याला चहाला बोलावतात. तुझ्या वडिलांसारखा व्याही मिळायला भाग्य लागतं. म्हणून हे पत्र. माझं अक्षर टूलरूममध्ये जॉब कार्डं भरून भरून बिघडलं आहे, ते सांभाळून घे.

काम असं आहे. तुझा तो हाताने फिरवायचा ग्राइंडर माझ्यामुळे गेला. एकादशी होती, मला जायफळाची दुधातली कॉफी हवी होती आणि किसणी सापडेना. समोर तुझं यंत्र. मी म्हटलं दळायचंच यंत्र आहे, त्याला कॉफी काय आणि जायफळ काय. अख्खं जायफळ ठेचून आत टाकलं आणि फिरवलं. तेलकट जिन्नस तो, दातांत जाऊन चिकटून बसला. जन्मभर कारखान्यात सुताएवढ्या फरकासाठी लोकांची डोकी खाणाऱ्या माणसाने असा गाढवपणा करावा. एखाद्या शिकाऊ पोराने केला असता तर त्याला आठवडाभर झाडू मारायला लावलं असतं मी.

संध्याकाळी तू ब्रश घेऊन ते दात साफ करत बसली होतीस, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणालीस आणि तिथून सगळं वाढलं. म्हणजे मुळात चूक माझी. सार्थकला बापाबद्दल कोणी वावगं बोललेलं खपत नाही, लहानपणापासूनच. मी हॉलमध्ये होतो, टीव्ही चालू होता, त्यामुळे कोण काय बोललं ते मला नीट कळलं नाही. सुनीलरावांनाही मी हेच सांगितलं.

मनगटाला आता कसं आहे? डॉक्टरांनी जितके दिवस पट्टा बांधायला सांगितलाय तितके दिवस बांध, घाई करू नको.

मी नवा ग्राइंडर घेऊन देणार आहे. पण मला त्यातलं काही कळत नाही आणि चुकीची वस्तू आणून पुन्हा हात दाखवून अवलक्षण नको. आपल्या चौघांच्या घराला कोणता बरा, ते तू लिही. सोबत तुझ्या या घरच्या आईने तिळगूळ दिलाय. गोड बोल असं म्हणत नाही. नुसतं बोललीस तरी पुष्कळ आहे.

आबा

—

नाशिक
२१ जानेवारी

तेजस्विनी,

उत्तर नाही. पण सुनीलराव म्हणाले, तिळगूळ पोचला आणि त्यातला एक लाडू तू खाल्लास. तेवढ्यावर मी पुढचं लिहितो.

आधी भांडीबाजारात गेलो. दुकानदाराने एक विजेचा छोटा डबा समोर ठेवला, वर झाकण, आत पातं. म्हणाला, काका, यात सगळं दळतं, मिरची घाला, दाणे घाला, कॉफी घाला. मी म्हटलं, जे सगळं दळतं तेच मला नको आहे, त्यापायीच मी इथे आलोय. त्याला काही कळलं नाही.

घरी येऊन म्हटलं, निदान तुझी उरलेली कॉफी तरी करून बघू. बिया मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवल्या. तू नेहमी नाही म्हणायचीस ते का, ते आता कळलं. त्या भांड्याने वर्षानुवर्षं कांदा-लसूण मसाला वाटलेला. कॉफीचा पहिला घोट घेतला आणि वाटलं, आता याच्यासोबत भाकरीच खावी. आईने तोंडाला पदर लावला, हसत होती की काय ते तिने कळू दिलं नाही. ती हल्ली हसत नाही. दिवसभर एकच धोशा लावते, सून आणा, सून आणा.

सार्थक ठीक आहे. रविवारी त्याने बाल्कनी साफ केली. तुझं कॉफीच्या बिया भाजायचं मशीन माळ्यावर टाकलं आणि बियांची पोती कोणाला तरी देऊन टाकली. म्हणाला, पसारा फार झाला होता. इगतपुरीच्या त्या होमस्टेवाल्या बाईंचा फोन आला होता, दर महिन्याच्या कॉफीचं काय झालं विचारत होत्या. तो म्हणाला, ती आता हे काम करत नाही. मी म्हटलं, अरे, तिला विचार तरी. तर म्हणाला, आबा, घर पुन्हा लागायचं असेल तर आधी हे बंद व्हायला पाहिजे. तसा मवाळ झालाय तो. आवाज चढवला नाही.

आता महत्त्वाचं. बैठक ठरली आहे. नऊ फेब्रुवारी, रविवार, देवळ्याला लोटन अण्णांकडे, त्यांचा शब्द दोन्ही घरं मानतात. आपले चार, तुमचे चार, मध्ये अण्णा. तुला कळलंच असेल. सुनीलराव अण्णांना म्हणाले म्हणे, ज्याच्या घरात हे झालं त्या घराचा कर्ता माणूस जे सांगेल ते मला मान्य आहे, बहिरूभाऊ खोटं बोलणार नाहीत. म्हणजे सगळं माझ्या शब्दावर येऊन थांबलंय. मी मिटलं म्हटलं की तू त्याच दिवशी आमच्याबरोबर नाशिकला यायचंस.

मला तेच हवं आहे. लपवत नाही. तू गेल्यापासून या घरात कोणी कोणाशी सरळ बोलत नाही.

ग्राइंडरचं तेवढं लिही.

आबा

—

सटाणा
२५ जानेवारी

आबांना नमस्कार.

तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून फक्त ग्राइंडरचं लिहिते.

पात्याचा घेऊ नका. पातं बिया तोडतं, दळत नाही. अर्धी भुकटी होते, अर्धे तुकडे राहतात आणि एकच कप कडूही लागतो आणि आंबटही. जात्यासारखे दात असलेला बघा. दात स्टीलचे हवेत. दांड्याला वर एक आणि खाली एक असं दोन्हीकडे बेअरिंग हवं. हँडल धरून दांडा आडवा हलवून बघा, जराही डुगडुगला तर दळण एकसारखं पडणार नाही. हे तुम्हाला मी काय सांगणार.

विजेचा मला नको. चालू असताना दुसरं काही ऐकू येत नाही. मागे कोण येऊन उभं आहे ते कळत नाही.

हँडल लांब असू द्या. उजवं मनगट अजून जोर घेत नाही. आकार लहान चालेल, एका माणसापुरती कॉफी निघाली की झालं.

करायला साधा स्टीलचा मद्रासी फिल्टर घ्या, वरच्या भांड्यात पूड आणि गरम पाणी, खाली अर्क. कागद लागत नाही, वीज लागत नाही. काचेचं काहीही नको.

आबा, एक विचारते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खाली बसून ग्राइंडरचे सगळे भाग गोळा केलेत, मी दारातून पाहिलं. दांडा हातात घेऊन बघितलात का? तुमच्याइतकं ते कोणाला कळणार.

तेजस्विनी

—

नाशिक
३० जानेवारी

तेजस्विनी,

तुझं पत्र आलं, बरं वाटलं. लगेच कामाला लागलो.

गंगापूर रोडला एक कॉफीचं दुकान आहे, तिथे वेदिका नावाची मुलगी काउंटरला असते. तिने काचेच्या कपाटातून दोन ग्राइंडर काढून दिले. मी दोन्ही खोलले. ती म्हणाली, अहो काका, अहो काका, वॉरंटी जाईल. मी म्हटलं, पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मी दांडे तपासतोय. पहिल्याला खालचं बेअरिंग नुसतं प्लॅस्टिकचं बूच. दिसायला मात्र नवरदेवासारखा. दुसरा दणकट, दांडा मधोमध, हलत नाही, हँडल वीतभर. हँडल लांब असलं की जोर कमी लागतो, ते तुझं बरोबर आहे. मग तिने मला दळून दाखवलं. जाड दळलं तर पाणी भरकन खाली जातं आणि कॉफी फुळकवणी होते, फार बारीक दळलं तर पाणी अडतं आणि कडू होते. फिल्टरला मधलं, जरा बारकाईकडे झुकणारं. मला मजा वाटली. हे आमच्या फिटिंगसारखंच आहे, सैल नको आणि घट्टही नको.

तू एका माणसापुरता लिहिलंस. मी चौघांचा विचारला होता. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

आता तुझा प्रश्न. दांडा बघितला. जरा वाकलाय. जायफळ अडकल्यावर मी जोर लावला असेल, किंवा खाली पडताना वाकला असेल. आता त्यावर काथ्याकूट करून काय उपयोग? वस्तू गेली, नवी येते आहे.

बैठकीत मी काय बोलणार ते तुला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुला एकदम काही वाटायला नको. मी म्हणेन, जायफळ मी दळलं, यंत्र मी बिघडवलं, भांडण माझ्यामुळे झालं, ओढाताणीत ते हातातून निसटलं आणि सुनेच्या मनगटाला लागलं. दोष म्हाताऱ्याच्या माथी, विषय संपला. यात कोणाची मान खाली जात नाही. तूही त्यावर काही बोलू नको. आई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. सार्थक माझा मुलगा आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय म्हणायचं?

रागावलीस तर राग. पण ये.

आबा

ता. क. सार्थकने तुझ्यासाठी मोठं विजेचं मशीन मागवलंय, दळणारं आणि कॉफी काढणारं एकातच. बैठकीला गाडीत घालून नेणार म्हणतो, म्हणजे लोकांना दिसेल. मी अजून काही बोललो नाही.

—

नाशिक
५ फेब्रुवारी

तेजस्विनी,

काल ते मशीन आलं. सार्थकने हॉलमध्ये खोकं फोडलं, जोडणी केली, बटण दाबलं. घरभर घरघर, आईने कानावर हात ठेवले. तो खूश होता. म्हणाला, बघतोच आता कशी नाही म्हणते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अरे, तिला विजेचं नको आहे.

तो म्हणाला, तुम्हाला काय माहीत?

उचलली जीभ लावली टाळ्याला, माझी खोड जुनीच. त्याने मशीन बंद केलं आणि पुन्हा विचारलं. आई मधे पडली, म्हणाली, पत्र आलं होतं तिचं, आबांनी विचारलं म्हणून तिने लिहिलं, भांडू नका. ती बिचारी मिटवायला गेली होती. टेबलावर पाण्याने भरलेला तांब्या होता. त्याने तो उचलला आणि फेकला.

तो मला मारला की भिंतीला की आईला, ते त्यालाही सांगता येणार नाही. आईच्या कानाला घासून गेला आणि मागच्या भिंतीचा टवका उडाला. तिच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं. सार्थक गाडीची किल्ली घेऊन निघून गेला.

आवाज ऐकून समोरच्या कुसाबाईंनी दार वाजवलं. आईने पदराने कान झाकला, दार उघडलं आणि हसून म्हणाली, "काय नाय हो, माझ्याच हातातून तांब्या निसटला."

तेजू, मी तुझ्यासाठी जे वाक्य पाठ करून बसलो होतो, तेच हे वाक्य. मी तिला शिकवलं नव्हतं. तिला ते आधीपासून येत होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दांडा नुसता हातात घेतला नाही, दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवून त्याला वाक मोजायची डायल लावली. गोल फिरवला तर काटा इकडून तिकडे जात होता. जायफळाने दात तुंबतात. हँडल फिरेनासं होतं. दांडा वाकत नाही. हातातून निसटून फरशीवर पडलं तर बाहेरचा डबा चेपतो, दांडा आतल्या आत सरळ राहतो. एवढा वाकायला ते यंत्र कोणीतरी हँडलला धरून, पूर्ण ताकदीने, कशावर तरी हाणावं लागतं. मला हे पहिल्याच सकाळी कळलं होतं. शिवाय टीव्ही बंद होता. मी सगळं ऐकलं. तू म्हणत होतीस, मनगट सोड, सोड. मी खुर्चीतून उठलो नाही, कारण उठलो असतो तर मला ते दिसलं असतं.

मला स्वतःची लाज वाटते. यापेक्षा मोठं काही लिहिता येत नाही.

कालपासून आई जेवायला बसते आणि उठते. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ, कान दाखवू. म्हणाली, घरोघरी मातीच्या चुली. मी तिच्यावर ओरडलो. मग ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. सार्थक आज सकाळी पेढे घेऊन आला. आईच्या पाया पडला, रडला. तो दर वेळी खराच रडतो, ढोंग नसतं त्यात. आईने त्याला जवळ घेतलं. माझेही डोळे भरले, ते तुला सांगायला हवं. तो आपला पोरगा आहे आणि चार दिवसांनी मला देवळ्याला त्याच्या शेजारी बसायचं आहे.

मी काय बोलेन ते मला आज माहीत नाही. गेल्या पत्रात मी तुला गप्प राहा म्हटलं होतं. ते वाक्य मी मागे घेतो. तुला जे बोलायचं असेल ते बोल.

आबा

—

नाशिक
११ फेब्रुवारी

तेजस्विनी,

तू आतल्या खोलीत बायकांबरोबर होतीस. दार लोटलेलं होतं. तुला किती ऐकू आलं माहीत नाही, आणि बाहेर पडताना मला तुझ्यासमोर यायचा धीर झाला नाही. म्हणून जे झालं ते माझ्याकडून लिहितो. दुसऱ्या कोणाकडून ऐकशील तर त्यात मीठमसाला असेल.

पोहे झाले, चहा झाला. सार्थकने ते खोकं गाडीतून आणून मधोमध ठेवलं. आपल्या बाजूच्या लोकांनी त्याच्यावरची चित्रं बघितली, किंमत विचारली, माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, एवढं बायकोसाठी आणतो, अजून काय पाहिजे? मग सार्थक बोलला. छान बोलला. आबांनी चुकून जायफळ दळलं, ती वैतागली, शब्दाला शब्द वाढला, ओढाताण झाली, यंत्र निसटलं, माझंही चुकलं, मी माफी मागतो. मीच रचलेलं सगळं, माझ्याच शब्दांत. मी गेल्या पंधरवड्यात घरात तेच घोकत होतो ना.

सुनीलराव खाली बघत होते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की बहिरूभाऊंनी सांगावं. लोटन अण्णांनी पानाची चंची बाजूला ठेवली आणि माझ्याकडे वळले.

"बोल बहिरू. तुनं काय म्हननं शे?"

समोर सार्थक, त्याचा चेहरा अगदी निर्धास्त. लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला यायचा तेव्हा असाच उभा राहायचा, आबा करतीलच म्हणून. तेजू, तो चेहरा बघून मी जवळजवळ हो म्हणणार होतो. खोटं सांगत नाही. शब्द ओठावर आला होता. मग आतून बांगड्यांचा आवाज आला, तुझा की आणखी कोणाचा कोण जाणे, आणि एकदम सगळं शांत झालं. आत सगळ्या जणी ऐकत होत्या.

मी म्हणालो, "यंत्र निसटलं नाही. सार्थकने ते हँडलला धरून तिच्या हातावर मारलं. मी बाहेरच्या खोलीत होतो आणि मी उठलो नाही. माझी सून पाठवायची असेल तर मला विचारून पाठवू नका, कारण मी तिला सांभाळू शकलो नाही."

सार्थक म्हणाला, आबा, काय बोलताय तुम्ही, कोणाच्या पुढे बोलताय? लोटन अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि पुन्हा मला विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. आपल्या भावकीतल्या एकाने सुरुवात केली की नवरा-बायकोत एवढं तेवढं होतंच. अण्णा त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "मंग पोरले धाडनं नही." पोरीला पाठवायचं नाही, हाच निकाल. सुनीलराव उठले. मला वाटलं, आता माझ्या तोंडावर थुंकतील, हक्कच होता त्यांचा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत तुझ्याकडे गेले.

सार्थक खोकं उचलून गाडीत घालून एकटाच निघून गेला. आई आत बायकांत होती, तिला घेऊन मी एसटीने परतलो. आई खिडकीशी. चांदवड गेलं, पिंपळगाव आलं, तरी ती बोलेना. मी मनाची तयारी करून बसलो होतो की आता म्हणेल, पोराला चारचौघांत उघडं पाडलंत. पिंपळगावच्या पुढे ती म्हणाली,

"तिचं सांगितलंत. माझं का नाय सांगितलं?"

काल तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कसं लागलं विचारलं, तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी सांगितलं, मुलाने तांब्या फेकला. ती मान खाली घालून बसली. पण नाही म्हणाली नाही.

सार्थकला मी काल दुसरीकडे राहायला सांगितलं. तो ओरडला, दारावर लाथ मारली, मग सामान भरायला लागला. या वेळी मी खुर्चीत बसलो नाही, त्याच्या आणि आईच्या मधे उभा राहिलो. तो आज सकाळी मित्राकडे गेला. आईने त्याला डबा भरून दिला. तिला मी अडवलं नाही.

ग्राइंडर आणि फिल्टर कुरिअरने सुनीलरावांच्या पत्त्यावर पाठवलेत, तुझ्या नावाने. ग्राइंडर तो दुसराच, लांब हँडलचा. तुझं भाजायचं मशीन माळ्यावरून उतरवलं. जड आहे, या आठवड्यात टेम्पो बघून पाठवतो. इगतपुरीच्या बाईंना मी फोन केला. म्हटलं, ती काम करते, फक्त आता सटाण्याहून करते, तिथल्या नंबरवर बोला. त्या म्हणाल्या, बरं झालं, आम्ही दुसरीकडून घेणार होतो. वकिलाचं सुनीलराव बघतीलच. माझी साक्ष लागली तर मी येईन, आणि देवळ्याला जे बोललो तेच बोलेन.

आता एक शेवटचं, ते नीट वाच.

मी बाप आहे. आज रागात आहे म्हणून हे सगळं जमलं. उद्या सार्थक वाळेल, दाढी वाढवेल, सणाला दारात येऊन उभा राहील. आई रडेल. तो सुधारला असं मला मनापासून वाटायला लागेल, आणि मग मी तुला पत्र लिहीन की पोरी, तो आता बदललाय, एकदा येऊन बघ. अक्षर माझंच असेल. खाली आबा असं लिहिलेलं असेल. मी खोटं बोलत नसेन, मला ते खरंच वाटत असेल.

ते पत्र आलं, की येऊ नको.

आबा